औषधाची चिठ्ठी : गावातली आणि बोळिंजची

लेखन : ऊस विकास अधिकारी



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. तो लेख पुढच्या अंकी देऊ. मध्यंतरी एक प्रकार घडला आणि तो आपल्या गटांतल्या पुष्कळ घरांत केव्हाही घडू शकेल असे वाटले, म्हणून या वेळची जागा त्याला देत आहोत. विषय उसाचा नाही, औषधाच्या चिठ्ठीचा आहे. पण चिठ्ठी म्हणजे काय हे सभासदांना समजावून सांगायला नको. नोंदीची चिठ्ठी, तोडीची चिठ्ठी, काट्याची चिठ्ठी. आपले सारे वर्ष चिठ्ठीवरच चालते.

आपले एक जुने सभासद आहेत. नाव मुद्दाम देत नाही, अण्णा म्हणू. वय सत्तरीच्या घरात, रक्तदाब आणि साखर दोन्ही मागे लागलेले. (साखर कारखान्याच्या सभासदाला साखर होणारच, असे ते स्वतःच हसत सांगतात.) थोरला मुलगा मुंबईला नोकरीस. त्याने विरारच्या पश्चिमेला बोळिंज येथे म्हाडाच्या वसाहतीत घर घेतले. आपल्या भागातली अशी बरीच मुले आता विरार-नालासोपाऱ्याकडे स्थायिक झाली आहेत. आडसाली लागण जुलैत उरकायची, खुरपणी झाली की धाकट्याच्या हाती पाणी सोपवायचे आणि दोन-तीन महिने नातवंडांत काढायचे, असा अण्णांचा शिरस्ता.

गेल्या वर्षी आमच्या एका पाहुण्यांकडे विरारला बारसे होते, म्हणून आम्हीही त्या बाजूला गेलो होतो. बोळिंज एके काळी आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्यावरचे बागायती गाव. तो सगळा पट्टाच केळी, पानवेली आणि नारळाचा. वसईच्या वाड्यांत पूर्वी ऊसही होत असे, आणि एकोणिसाव्या शतकात वसईच्या किल्ल्यात साखर करण्याचे प्रयत्नही झाले होते, हे आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची गावे मिळून महानगरपालिका झाली. आता बोळिंजला हजारो बिऱ्हाडांच्या उंच इमारती उभ्या आहेत. वाडी शोधावी लागते.

अण्णांकडे गेलो तर डाव्या हाताला प्लास्टर. म्हटलं, हे काय?

"काय सांगू साहेब, जिन्यात चक्कर आली आन् पडलो."

मग सगळी हकीकत समजली. गावाहून आणलेल्या गोळ्या संपल्या. सोबतची चिठ्ठी घेऊन ते जवळच्या मेडिकलमध्ये गेले. ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घामाने भिजलेली, घडीवर फाटलेली. मूळचे अक्षरही असे की लिहिणाऱ्यालाच उद्या वाचता येईल की नाही याची शंका. दुकानदाराने दोन नावे लावली, तिसरे लागेना. अंदाजाने देणार नाही म्हणाला, आणि त्याचे बरोबरच होते. चार-सहा दिवस तसेच गेले. मग सूनबाईंनी तिथल्या एका दवाखान्यात नेले. दाब वाढलेला होताच. डॉक्टरांनी विचारले, कोणती गोळी चालू आहे? अण्णा म्हणाले, पांढरी, बारीक. एवढ्यावर कोणता डॉक्टर काय ओळखणार! त्यांनी आपल्या पद्धतीने नवी गोळी लिहून दिली.

इतक्यात गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर धाकट्याने जुन्या गोळ्यांची दोन पाकिटे धाडली. अण्णांनी हिशेब केला : ही गावच्या डॉक्टरची, ती इथल्या डॉक्टरची, दोघेही शिकलेले, कोणाची मोडायची? दोन्ही सुरू ठेवल्या. आठ-दहा दिवसांत पाय घोट्यापाशी सुजले, बसल्याचे उठताना डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली आणि एके सकाळी जिन्यात पडले. मनगट मोडले.

त्यांनी पिशवी आमच्या पुढ्यात ओतली. आम्ही कागद चाळले, हळहळलो, चहा घेतला आणि निघालो. पाकिटे काही उलटून पाहिली नाहीत. ही गोष्ट पुढे आम्हाला फार लागली. ती का, ते सांगतो.

दिवाळीच्या सुमारास अण्णा गावी परतले आणि त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या. "गोळीनंच पडलो, आता गोळीच नको." हे पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचे. शेवटी त्यांच्या मंडळींनी त्यांना उपकेंद्रात नेले. आपल्या गावांतली पुष्कळ उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या पाटीखाली चालतात, आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तिथल्या ताईंनी दाब मोजला आणि ई-संजीवनीवर डॉक्टरांशी गाठ घालून दिली. पडद्यावर डॉक्टर, इकडे अण्णा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, काय काय घेता? अण्णांनी पिशवी ओतली. ताईंनी एकेक पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचून दाखवली. बोळिंजचे पाकीट : अ‍ॅम्लोडिपीन. गावचे पाकीट : अ‍ॅम्लोडिपीन. कंपन्या दोन, नावे दोन, रंग दोन, औषध एकच. अण्णा दुप्पट मात्रा घेत होते. या औषधाने काही जणांचे पाय सुजतात, आणि मात्रा जास्त झाली की दाब खाली येऊन चक्कर येते, हे तिथेच समजले.

आता आमचे. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाले. पण तणनाशकाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले कंपनीचे नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरात मूळ घटक आणि टक्केवारी लिहिलेली असते ती पाहा, हे आम्ही गेली वीस वर्षे तुम्हाला बांधावर सांगत आलो. दोन दुकानांतून दोन नावांनी एकच औषध आणून दुहेरी फवारणी केलेले प्लॉट आम्ही पाहिलेत. आणि बोळिंजला तीच पिशवी आमच्या हातात होती.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका सभासदाला फवारणीची शिफारस लिहून दिली, दहा लिटर पंपाला २.५ मिली. टिंब नीट उमटले नाही. त्यांनी २५ मिली टाकले. पाने करपली, आणि तो शहाणा माणूस भांडायलाही आला नाही, करपलेले शेंडे मात्र गट ऑफिसच्या टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून आम्ही 'अडीच' असे अक्षरी लिहितो. उसाला फूट तरी पुन्हा येते.

माणसाच्या औषधात टिंबाचा घोळ याहून वाईट. म्हणून जाणते डॉक्टर अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य घालतात, आणि पाच लिहिताना टिंब देऊन पुढे शून्य देत नाहीत, कारण ५.० चे ५० वाचले जाते. इन्शुलिनच्या युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर काढले तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. थायरॉइडची गोळी मायक्रोग्राममध्ये असते, ती मिलिग्राम वाचली तर हजारपट. सांधेदुखीच्या एका आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने माणसे दगावल्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९५ साली आयसोर्डिल हे हृदयाचे औषध वाचताना प्लेंडिल वाचले गेले. ते वेगळे औषध, आणि दिलेली मात्रा त्याच्या मानाने भलतीच जास्त. रोगी गेला. १९९९ साली तिथल्या ज्यूरीने अक्षर खराब काढल्याबद्दल डॉक्टरलाही जबाबदार धरले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९४५ च्या औषध नियमांत चिठ्ठी लेखी असावी, तीवर सही व तारीख असावी, रोग्याचे नाव-पत्ता, एकूण किती औषध द्यायचे आणि मात्रा किती हे असावे, असे सांगितले आहेच. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम केला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, डॉक्टरने लिहिलेला एक अहवाल न्यायमूर्तींनाच वाचता येईना तेव्हा, वाचता येईल अशी औषधचिठ्ठी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे ठरवले आणि संगणकावरच्या चिठ्ठ्यांकडे वळण्यास सांगितले.

तर ही संगणकावरची चिठ्ठी म्हणजे नेमके काय? आपल्या काट्यावरून समजून घेऊ. पूर्वी काट्यावरचा कारकून वजन डोळ्याने वाचून हाताने लिहायचा. ३ चे ८ झाले की भांडण. आता गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप उमटते, चिठ्ठी छापून येते, खात्याला नोंद जाते. औषधाचेही तसेच. डॉक्टर यादीतून औषध निवडतो. किती मिलिग्राम, दिवसातून किती वेळा, किती दिवस हे भरतो. चिठ्ठी छापून निघते किंवा फोनवर येते. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर तीच नोंद दिसते, दिलेल्या गोळ्या साठ्यातून वजा होतात. पुढच्या खेपेला मागची चिठ्ठी डॉक्टरसमोर उघडते. यंत्रणा चांगली असेल तर एकच औषध दोनदा आले किंवा रोग्याला न चालणारे आले की इशाराही मिळतो. अण्णांना नेमका तो इशारा पाहिजे होता.

स्वीडनमध्ये अशी पहिली चिठ्ठी १९८३ सालीच पाठवली गेली. एस्टोनिया हा लहानसा देश, तिथे १ जानेवारी २०१० पासून सगळ्या देशाची एकच व्यवस्था आहे. रोग्याने कोणत्याही गावच्या औषध दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवायचे. दुकानदार पडद्यावर चिठ्ठी उघडतो आणि औषध देतो. म्हणजे चिठ्ठी माणसाच्या खिशात नसते आणि घामाने भिजत नाही. गावची चिठ्ठी बोळिंजला उघडावी, ही अण्णांची गरज तिथे भागलेली आहे.

आपल्याकडे कामे सुरू आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी. ई-संजीवनी ही सी-डॅकने तयार केलेली व्यवस्था २०१९ च्या नोव्हेंबरात उपकेंद्रापासून डॉक्टरपर्यंत, आणि टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, थेट घरापासून डॉक्टरपर्यंत सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात १० कोटींवर सल्ले तीतून दिले गेले. सल्ला संपला की छापील चिठ्ठी मिळते. त्याआधी २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची नियमावली आली होती. तीत अमली आणि मनावर परिणाम करणारी औषधे अशा सल्ल्यावर लिहून देण्यास मनाई केली. तेव्हा झोपेच्या गोळीसाठी ताईंपाशी हट्ट धरू नये. औषधांच्या साठ्याचा हिशेब ई-औषधी या दुसऱ्या प्रणालीत ठेवला जातो. कोणत्या भांडारात काय शिल्लक आहे आणि कशाची मुदत संपत आली आहे हे तीत दिसते. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत झाले. खिडकीवर रांग वाढली, म्हणून चिठ्ठी झटपट आणि अचूक निघण्याची गरजही वाढली.

पण यंत्र आले म्हणजे सगळे झाले, असे मानणाऱ्यांतले आम्ही नाही. २०२२ साली राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणक प्रणाली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिणे आले. नवी प्रणाली नंतर आणली गेली. मधल्या काळात जुने रिपोर्ट, जुनी चिठ्ठी घरी कागदावर ज्याने जपली होती, त्याचे अडले नाही. दुसरे, हाताने चुकलेले अक्षर निदान शंका तरी आणते. छापील चूक साजरी दिसते. यादीत एकाखाली एक सारखी नावे असतात, बोट एक ओळ खाली सरकले की स्वच्छ, सुवाच्य, चुकीचे औषध. मागची चिठ्ठी तशीच पुढे ओढली तर बंद केलेली गोळीही पुन्हा येते. इशारे फार येऊ लागले की माणूस न वाचताच ते बाजूला सारतो. काट्याचे यंत्रही सुरुवातीला तपासावे लागलेच होते की. औषध देणाऱ्याने चिठ्ठी आणि पाकीट ताडून पाहण्याचे काम कोणतेही यंत्र आले तरी राहणारच. उपकेंद्रात त्या दिवशी दुहेरी गोळी पकडली ती यंत्राने नाही, ताईंनी पाकीट उलटे करून वाचले म्हणून पकडली गेली.

याहून घरगुती अडचण आम्हाला गट ऑफिसात बसून दिसते. फोन कोणाचा? अण्णांची ई-संजीवनीवर नोंद झाली ती बोळिंजच्या मुलाच्या नंबरावर, कारण अण्णांना तोच एक पाठ. संदेश मुलाला आला. तो लोकलच्या गर्दीत. रोगी गावात, चिठ्ठी बोळिंजात! नशीब, ताईंनी छापील प्रत हातात दिली होती. हसू नका. तोडीचा निरोप पुतण्याच्या फोनवर जातो, पुतण्या पुण्याला असतो आणि टोळी दारात येऊन उभी राहते, हे दर हंगामात आपल्याकडे चालतेच. आमच्या नोंदवहीत किती सभासदांचा नंबर त्यांचा स्वतःचा आहे हे एकदा तपासायचे आम्ही ठरवले आहे.

आभा क्रमांकाबद्दल पुष्कळ जण विचारतात. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाले, त्यातला हा १४ आकडी आरोग्य क्रमांक. तो काढल्याने औषध मिळते असे नाही, आणि मोफत उपचाराचे कार्ड ते हे नव्हे. घोळ करू नये. निरनिराळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली जोडता याव्यात, म्हणजे गावची चिठ्ठी बोळिंजला दिसावी, यासाठी तो आहे. मात्र दोन्हीकडच्या दवाखान्यांनी आपल्या नोंदी त्याला जोडलेल्या असल्या तरच. रोग्याच्या संमतीशिवाय नोंद दुसऱ्याला दाखवायची नाही, असा त्यात नियम आहे. तो महत्त्वाचा. क्षयाची, बाईमाणसाच्या दुखण्याची चिठ्ठी शेजारच्या पोराच्या फोनवर जावी असे कोणाला वाटेल? तेव्हा नंबर देताना घरातल्या बाईलाही विचारावे, तुझ्या कागदाला कोणाचा नंबर द्यायचा म्हणून.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. छापील चिठ्ठी मिळाली की खिडकीपाशीच नाव, वय आणि गोळीचे मूळ नाव पाकिटाशी जुळते का, हे नातवाकडून वाचून घ्यावे. चिठ्ठी इंग्रजीत असते, म्हणून सकाळ-दुपार-रात्र हे ताईंकडून मराठीत मागे लिहून घ्यावे. त्या नाही म्हणत नाहीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एवढे पाठ असले तरी काम भागते. मुलाकडे मुंबईला, पुण्याला जाताना चालू गोळ्यांची रिकामी का होईना पाकिटे बरोबर न्यावीत. कापलेली एक गोळी नेऊ नये. तिच्यावर नाव नसते, अण्णांची पांढरी बारीक तशीच होती. आणि पाय सुजले, चक्कर आली, तर आपल्या मनाने सगळे बंद न करता त्याच दिवशी दाखवावे.

आमच्या गट ऑफिसात झेरॉक्सचे यंत्र आहे. सभासदाच्या औषधचिठ्ठीची एक प्रत काढून देण्याविषयी आम्ही कार्यालयाकडे विचारणा केली आहे. मंजुरी आली की फलकावर लावू.

अण्णांचे मनगट जुळले आहे. दाबाची एकच गोळी चालू आहे, तीही मोफत, कारण ती उपकेंद्रात मिळते. या जुलैत आडसाली लागण उरकून ते पुन्हा बोळिंजला गेले. जाण्याआधी ऑफिसात आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत शेअर सर्टिफिकेट, त्याखाली दोन चिठ्ठ्या आणि तीन पाकिटे. म्हणाले, "साहेब, दोन एकर खोडवा आहे, फेब्रुवारीत तुटंल. निरोप आता धाकट्याच्या नंबरावर लावा." तसा बदल नोंदवहीत केला आहे.